वही, पत्त्यांचा डबा, गोष्टी की मोबाईल? चौथी-पाचवीच्या इंग्रजी शब्दांसाठी काय धरावं

‘एम्प्टी’चा अर्थ वहीत लिहिला होता ‘खाली’. वाक्यात उपयोग करायला सांगितला, तर चौथीतल्या पठ्ठ्यानं लिहिलं, ‘द कॅट इज एम्प्टी द टेबल.’ म्हणजे मांजर टेबलाखाली आहे. पाठांतर चोख होतं हो! शाळेच्या फळ्यावरचा अर्थ हिंदीतला, घरातली भाषा मराठी, आणि शब्द दोन्हीकडे तोच.

इंदूरच्या मराठी घरांत हा घोळ नेहमीचा. ‘वर्ल्ड’ म्हणजे ‘संसार’ वाचलं की मुलीला आईची भांडीकुंडी आठवतात. ‘एज्युकेशन’पुढे ‘शिक्षा’ दिसली की पोरगं दचकतं. संध्याकाळी माझ्याकडे लोकमान्य नगरातली सात-आठ मुलं अभ्यासाला बसतात. त्यांच्या आया परीक्षेच्या तोंडावर एकच विचारतात, ‘ताई, शब्द पाठ होत नाहीत, काय करू?’ कुणी वही सांगतं, कुणी कार्डं, कुणी मोबाईल. मी हे सगळं करून पाहिलंय.

आधी मागच्या युनिट टेस्टचा पेपर काढा आणि गुण कुठे गेले ते बघा. जोड्या लावा, योग्य पर्याय निवडा, यात शब्द नुसता ओळखता आला तरी भागतं. विरुद्धार्थी लिहा, वचन बदला, उलटसुलट अक्षरांतून शब्द बनवा, वाक्यात उपयोग करा, यात तो डोक्यातून काढून स्पेलिंगसकट कागदावर उतरवावा लागतो. न पाहिलेला उतारा ही तिसरीच गोष्ट, तिथे पाठ केलेला शब्द येईलच असं नाही. गुण कुठे गेले त्यावर उपाय ठरतो, शेजारची मुलगी काय करते त्यावर नाही. पाचवीला तर हे जास्तच बघा. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, आणि मध्य प्रदेशात या दोन वर्गांची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर आली.

वही सगळ्यात स्वस्त. शाळेत तपासायला लागतेच, त्यामुळे ती सुटणार नाही. पण तिच्यात एक खोट आहे: मुलं शब्द नाही, क्रम पाठ करतात. वरून खाली विचारलं तर धडाधडा सांगतील, मधूनच विचारा, गाडी अडते. आणि ‘दहा वेळा लिही’ म्हटल्यावर काय चालतं ते एकदा मागे उभं राहून बघा. आधी पहिलं अक्षर दहा ओळींत उभं उतरवतात, मग दुसरं, मग तिसरं. भिंतीला रंग दिल्यासारखं. शब्द एकदाही लिहिला जात नाही. वहीच चालवायची असेल तर पान मधून उभं दुमडा, अर्थाची बाजू समोर ठेवा, शब्द मागच्या बाजूला जाऊ द्या, आणि अर्थ बघून शब्द लिहायला लावा. चुकला तरच तीनदा लिहायचा, एरवी नाही.

माझा कौल पत्त्यांच्या डब्याला. लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग पडतो. त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे तुकडे कापायचे. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन भिंती घालून तीन कप्पे करायचे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज विचारायचा. बरोबर आलं की कार्ड दुसऱ्यात, तो मंगळवारी आणि शुक्रवारी. तिथंही आलं की तिसऱ्यात, तो फक्त रविवारी. कुठेही चुकलं तर कार्ड परत पहिल्यात. मूळ युक्ती जर्मन भाषेत लिहिणाऱ्या सेबास्टियन लाइटनर यांची, १९७२ सालची, त्यांनी कप्पे जास्त सांगितले होते. मुलांना तीन झेपतात.

हे चालतं का, तर विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि नंतर मंदावतं, हे हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. म्हणून पहिल्या दिवसांत रोज, पुढे अंतरानं. दुसरा धागा २००६चा. रोडिगर आणि कार्पिक यांनी अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे. आपल्या घरी नेमकं हेच फसतं. रात्री वही वाचून झाल्यावर मूल सगळं फाडफाड सांगतं, आपण खूश, आणि पेपरच्या दिवशी कोरं.

कार्ड कसं असावं यात कसर करू नका. एका बाजूला फक्त इंग्रजी शब्द. मागे मराठी अर्थ, त्याखाली शाळेतला हिंदी अर्थ, कारण शाळेच्या पेपरात तोच लागेल, आणि धड्यातलंच एक वाक्य. त्या ‘एम्प्टी’च्या मागे आम्ही लिहिलं: रिकामा, हिंदीत खाली, ‘द बॉटल इज एम्प्टी’, आणि पालथ्या बाटलीचं चित्र. विचारताना अर्धा वेळ उलट बाजूनं विचारा: अर्थ सांगायचा, मुलानं शब्द लिहायचा. इंग्रजीकडून मराठीकडे येणं सोपं असतं, पेपर उलट चालवतो. रोज पाचच नवी कार्डं. आया उत्साहानं पंचवीस करतात आणि चौथ्या दिवशी डबा कपाटावर जातो.

आणखी एक, विरुद्धार्थी जोडी एकाच दिवशी घालू नका. जोडीनं शिकलेलं जोडीनंच गोंधळतं. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ बघा. मराठीत घेणारा उसनं घेतो, देणारा उसनं देतो, हिंदीतही दोघांच्या तोंडी ‘उधार’च. मग मुलानं भेद धरायचा कशाला? आधी ‘बॉरो’ पक्का होऊ द्या, दुसऱ्या कप्प्यात गेला की ‘लेंड’ आणा. न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचे शब्द मात्र एकत्रच घ्या. ‘नाइफ’, ‘नी’, ‘नॉक’: तिन्हींच्या पुढे मुका ‘के’. ते एक कुटुंब म्हणून लक्षात राहतं. ‘नाइफ’चं अनेकवचन करताना ‘एफ’ जाऊन ‘व्ही’ येतो, त्याचं वेगळं कार्ड करा, वचन बदलाच्या प्रश्नात तो हटकून सापडतो.

डब्याची अडचण एवढीच की विचारणारं माणूस लागतं, रोज पंधरा मिनिटं. आजी-आजोबा हे काम झकास करतात. इंग्रजी वाचता येत नसेल तरी अर्थाची बाजू त्यांच्याकडे असते, शब्द मुलानं लिहून कार्डाशी ताडून बघायचा.

गोष्टींबद्दल मी थोडी हळवी आहे, तरी खरं सांगते: परीक्षा महिन्यावर असेल तर गोष्टींच्या भरवशावर राहू नका. एक शब्द मुलाचा व्हायला तो वेगवेगळ्या ठिकाणी बऱ्याचदा भेटावा लागतो, आणि गोष्टीत तो कधी भेटेल हे आपल्या हातात नसतं. पण जूनमध्ये सुरुवात करत असाल तर उताऱ्याच्या प्रश्नासाठी याला तोड नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून आहे, फुकट आहे, आणि कितीतरी गोष्टी तिथे मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत सापडतात. गोष्ट आधी मराठीत वाचून घ्या, मग तीच इंग्रजीत. कथानक माहीत असलं की मूल अडलेल्या शब्दाचा अंदाज बांधायला धजावतं, आणि उताऱ्यात हीच सवय लागते. पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक अवघड आहे, खालच्या पातळीचं घ्या. खजुरी बाजारात जुनी पुस्तकं चाळताना मुलालाच एक पान वाचायला लावा आणि बोटं मोजा.

मोबाईलमधल्या खेळांचं सांगायचं तर चारांतून एक पर्याय टिचकी मारून निवडायचा, नाणी मिळवायची. ओळख होते, स्पेलिंग होत नाही. शिवाय काही खेळ अमेरिकन धाटणीचे, ‘कलर’मधला ‘यू’ गाळणारे. तो शाळेच्या पेपरात चूक धरला गेला की मूल म्हणतं, मोबाईलमध्ये बरोबर होतं. एका ठिकाणी मात्र याचा उपयोग आहे. सैनिक शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा इंग्रजी माध्यमातून देणार असाल, तर तिथे ३०० पैकी ५० गुण भाषेचे, २५ प्रश्न, सगळे पर्यायी. तिथे ओळखणं पुरतं.

शिकवणी मी स्वतःच घेते, त्यामुळे काय बोलू! बाईंकडे दहा मुलं असतील तर तुमच्या मुलाच्या वाट्याला शब्द विचारण्याची पाचच मिनिटं येतात, एवढा हिशेब करा. घरी विचारायला खरंच कुणी नसेल तर लावा, आणि फी ठरवण्याआधी विचारा की त्या शब्द लिहून देतात की विचारतात.

दीड महिना हातात असेल तर आजच पत्रिका कापा. पाठ्यपुस्तकाच्या मागची शब्दसूची नाही, धड्याखालच्या स्वाध्यायातले शब्द आधी घ्या, पेपर तिथूनच निघतो. आठवडाच उरला असेल तर डबा नव्यानं सुरू करू नका, दुमडलेली वही बरी. आणि डबा चालू असेल तर शेवटचे तीन दिवस नवं कार्ड घालायचं नाही. आदल्या रात्री फक्त पहिला कप्पा काढायचा. त्यात दहा-बाराच कार्डं निघाली तर पोराला नऊला झोपवा.