लोडरला ट्रॅक्टरचंच हायड्रॉलिक की पुढं वेगळा पंप?

परवा शियेचे आमचे एक पाहुणे विचारत होते, ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला लोडर बसवायचाय, डीसीव्ही (दांड्यानं चालणारा, कुठल्या सिलेंडरला ऑइल जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर घेऊ की पुढं क्रँकला वेगळा पंप आणि वेगळी टाकी? मी दोन्ही वापरलंय, म्हणून जरा लांबड लावतो. बकेट केवढी, किती उंच जाते ते डीलर सांगतोयच, त्यात मी पडत नाही.

ट्रॅक्टरच्या ऑइलवर चालणारा लोडर आधी होता माझ्याकडं. सुटसुटीत काम. पंपाचं जादा वजन पुढं येत नाही, वेगळी टाकी नाही, पंप फिरवायला पट्टा-कपलिंग काही नाही, लोडर काढून ठेवला की ट्रॅक्टर परत नांगराला मोकळा. वर्षातनं पंधरा दिवस शेणखत आणि प्रेसमड (साखर कारखान्याची मळी) भरायचा असेल तर हेच घ्या म्हणेन मी. एकच ध्यानात ठेवा, ऑइलची लेव्हल बकेट खाली टेकवून, सिलेंडर आत घेऊन बघायची. बूम, म्हणजे बकेट उचलणारे हात, वर असताना चार सिलेंडर कितीतरी ऑइल पिऊन बसलेले असतात, आणि लेव्हल आधीच कमी असेल तर पंप हवा ओढतो, फेस येतो, बकेट हिसके देत वर जाते. लोकं लगेच पंप गेला म्हणतात.

आता माझी डोकेदुखी. २०१९ च्या पुरात ट्रॅक्टर निम्मा पाण्यात होता. गिअरबॉक्सचं ऑइल, हायड्रॉलिकला पण तेच, चहासारखं झालेलं, ते काढलं, नवीन भरलं, झालं म्हटलं. पण लोडरच्या सिलेंडरात आणि पाइपात राहिलेलं जुनं तसंच, ते दोन दिवसात नव्यात मिसळलं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढं गाळपाच्या सीझनला ट्रॅक्टर पॉवर सोडायला लागला. रिकामी ट्रॉली घेऊन चढाला तिसऱ्यात दम लागायचा. मी इंजिनाच्या मागं लागलो. एअर क्लीनर उघडला, पाचटाचा भुसा निघाला, साफ केला. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. टाकीचं झाकण सैल करून बघितलं, कारण त्याचं बारीक भोक बुजलं की अर्ध्या तासानं डिझेल मिळेनासं होतं आणि झाकण सोडल्यावर फुस्स आवाज येतो, तसा पण आला नाही. शेवटी डिझेल पंप काढून कॅलिब्रेशनला दिला, चार दिवस गेले, ट्रॅक्टर आहे तिथंच. त्यात मागची लिफ्ट पण हळू झालेली, आणि मी काय समजलो, इंजिनच मरतंय तर लिफ्ट कुठनं चालणार!

उद्यमनगरातला एक म्हातारा मिस्त्री आला, इंजिनाला हात लावलाच नाही. डीसीव्हीच्या पाइपावर हात ठेवला आणि झटकन काढला. "मालक, इंजिन कशाला खोलायलाय, ह्यो दांडा सेंटरला येतोय का बघा आधी." दांडा अर्धा इंच मागंच राहिलेला, बघून कळत पण नव्हतं. डीसीव्हीतला स्पूल, म्हणजे आतली सरकती कांडी, गंजून अडकलेला, बकेट पूर्ण आत ओढलेली, आणि सगळं ऑइल सतत रिलीफवरनं (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवरनं) उड्या मारत परत चाललेलं. मिनिटाला ३० लिटर आणि १८० बार धरलं तर जवळपास ९ किलोवॅट, म्हणजे १२ एचपी नुसतं ऑइल तापवण्यात. लिफ्टला ऑइल डीसीव्हीतनंच पुढं जातंय, मग ती हळू होणारच. स्पूल साफ केला, सेंटरिंगची स्प्रिंग बदलली, ट्रॅक्टर पहिल्यासारखा. डिझेल पंपाचे पैसे मात्र गेलेच.

दोष डीसीव्हीचा होता, पद्धतीचा नाही, हे मान्य. स्पूल वेगळ्या पंपावर पण अडकू शकतो. पण ट्रॅक्टरच्या ऑइलवर इंजिन, लिफ्ट, लोडर सगळं एकमेकांत गुंतलेलं, एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर खपतं. डीसीव्ही बायपास करून तपासता येतं, पण पाइप सोडायचे, ऑइल सांडायचं, आणि ऐन सीझनला कोण करतंय ते?

म्हणून दुसऱ्या ट्रॅक्टरला पुढचा पंप घेतला. ह्याचं पण दुखणं आहेच, नाही म्हणत नाही. पुढचा एक्सल जड होतो, ओल्या रानात चाकं रुततात, वळवताना बांधावरची माती उपसते. पंप इंजिनाबरोबर कायम फिरतो, थंडीत सकाळी स्टार्ट करताना स्टार्टर कुंथतो. कपलिंगचं रबर मी दोन वर्षांत दोनदा बदललंय, जाळीजवळ चिखल बसतो तो वेगळाच. टाकीला ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं घ्यायचं. खर्च अर्थातच जास्त.

पण बूम मला तरी चपळ वाटतो, आणि मुख्य म्हणजे पॉवर कमी वाटली की मी कपलिंगचे चार बोल्ट काढतो आणि ट्रॉली जोडून त्याच चढावर नेतो. गाडी चढली तर हायड्रॉलिक, नाही चढली तर इंजिन. मागच्या मे महिन्यात अशीच शंका आली, बोल्ट काढून चढावर नेलं, तरी दम लागत होता, मग सरळ एअर क्लीनर उघडला आणि आत उंदरानं घर केलेलं! अर्ध्या तासात काम संपलं.

तुमचा लोडर वर्षभर भाड्यानं फिरणार असेल, वीटभट्टी, गाळ काढणं, असली कामं, तर मला पुढचा पंप बरा वाटतो. घरापुरतं काम असेल तर ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक पण चालतंय, फक्त पुरात गेला तर सिलेंडर पण रिकामे करून घ्या. आणि पुढचाच घेतला तर फिटरला टाकीच्या तळाला ड्रेनची चावी लावायला सांगा, आणि कपलिंगचं एक रबर आधीच टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा, ते नेमकं रविवारीच जातं आणि दुकानं बंद असतात.