‘परीक्षा न देता सात बँड’: पैसे कसे जातात आणि तो कागद का चालत नाही

‘आयईएलटीएस सात बँड, परीक्षेला न बसता. निकाल ऑफिशियल साइटवर दिसेल, पैसे निकालानंतर.’ आयईएलटीएस म्हणजे परदेशी प्रवेशासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा, आणि बँड म्हणजे तिचे गुण. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मेसेजची भाषा थोडीफार बदलते, पुढचा क्रम मात्र ठरलेला असतो. सप्टेंबरच्या प्रवेशाची मुदत तोंडावर आलेली असते. विद्यापीठाने एकूण 6.5 आणि प्रत्येक विभागात किमान 6 मागितलेले असतात, आणि हातातल्या निकालात रायटिंग 5.5 वर अडकलेलं असतं. अशा वेळी शिकलेली घरंही या जाळ्यात सापडतात.

‘पैसे निकालानंतर’ हे पहिल्याच फोनवर विसरलं जातं. ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून काही हजार लगेच भरायला सांगतात, सोबत पासपोर्टचा स्कॅन, फोटो आणि सहीचा नमुना मागतात. दोन-चार दिवसांत निकालपत्राची प्रत येते. नाव, फोटो, चारही विभागांचे बँड, शिक्का, खाली फॉर्म क्रमांक, सगळं जागच्या जागी. कोणी शंका काढलीच तर एक लिंक पाठवतात. तिथे तो क्रमांक टाकला की हिरव्या खुणेसह नाव झळकतं. बहुतेकांची शंका इथेच संपते आणि उरलेली मोठी रक्कम जाते.

ती लिंक म्हणजेच खरी मेख. आयईएलटीएसचे निकाल पडताळण्याची सोय फक्त नोंदणीकृत संस्थांसाठी, म्हणजे विद्यापीठं, व्हिसा कार्यालयं वगैरेंसाठी असते. त्यांना लॉगिन दिलेलं असतं. कोणीही यावं, क्रमांक टाकावा आणि निकाल बघावा असं सार्वजनिक पान नसतं. त्यामुळे असं पान समोर आलं की तेच फसवणुकीचा पुरावा समजा, मग त्याच्या पत्त्यात आयईएलटीएस हे नाव कितीही वेळा असो. विद्यापीठातला कर्मचारी कागदाच्या शिक्क्याकडे बघतही नाही. तो मूळ नोंद उघडतो, आणि तिथे परीक्षेच्या दिवशी केंद्रावर काढलेला उमेदवाराचा फोटो असतो. नोंदच नसेल तर कागद कितीही हुबेहूब असला तरी अर्ज तिथेच संपतो. टोफेल आणि पीटीई याही अशाच इंग्रजीच्या परीक्षा. टोफेलचे गुण ती परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था स्वतः विद्यापीठाला पाठवते, पीटीईचे गुण उमेदवार आपल्या खात्यातून विद्यापीठाकडे धाडतो. या दोन परीक्षांचं छापील ‘सर्टिफिकेट’ विकणारा तर उघडच थापा मारतो.

मोठी रक्कम पोचल्यावर ‘डेटा अपलोड’, ‘एम्बसी क्लिअरन्स’ असे नवे खर्च निघतात. नाही म्हटलं की सूर बदलतो: तुमचा पासपोर्ट आणि चॅट आमच्याकडे आहे, दूतावासाला कळवू. विकत घेणाराही गुन्ह्यात अडकतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तक्रार होत नाही आणि धंदा चालू राहतो.

दुसरा प्रकार जास्त चलाख. ‘परीक्षेला बसा, येतं तेवढंच लिहा, बाकी कोरं सोडा, आमचा माणूस भरेल.’ केंद्रातल्या कोणाला हाताशी धरून गैरप्रकार कधी झालेच नाहीत असं नाही. 2022 मध्ये कॅनडातून बोटीने अमेरिकेत शिरताना पकडलेल्या गुजराती तरुणांना न्यायालयात इंग्रजी बोलता येईना, दुभाषा लागला. नवसारीत दिलेल्या परीक्षेत त्यांना 6.5 ते 7 बँड होते. मग मेहसाणा पोलिसांनी तपास सुरू केला. ब्रिटनमध्ये 2014 साली टोइक या इंग्रजीच्या परीक्षेतले तोतये बीबीसीने उघडकीला आणले, तेव्हा 33 हजारांहून जास्त निकाल अवैध आणि सुमारे 22 हजार संशयास्पद ठरले. त्यात प्रामाणिकपणे परीक्षा दिलेलेही भरडले गेले. केंद्रच संशयात आलं तर तुमचा खरा निकालही धोक्यात येतो, हे लक्षात असू द्या.

‘लीक पेपर’ विकणाऱ्यांबद्दल एवढंच पुरे: परीक्षेनंतर प्रश्न जोडून आधीची तारीख दाखवणारा स्क्रीनशॉट बनवणं मुलांच्या हातचा मळ आहे. 2024 च्या यूजीसी-नेटचा गाजलेला स्क्रीनशॉट फेरफार केलेला होता, असं सीबीआयच्या तपासात निघालं.

पकडलं गेल्यावर नुसता प्रवेश जात नाही. खोटा कागद जोडल्याबद्दल कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, ब्रिटनमध्ये ही बंदी दहा वर्षांपर्यंत जाते, अमेरिकेत ठपका कायमचा राहतो. इथे भारतीय न्याय संहितेखाली बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा वेगळा गुन्हा आहे.

आणि हे सगळं बहुतेक वेळा अर्ध्या बँडसाठी! त्याला सरळ वाट आहे. चार विभागांची सरासरी 6.25 आली तर ती 6.5 धरतात. एकच विभाग घसरला असेल तर संगणकावर दिलेल्या परीक्षेनंतर 60 दिवसांच्या आत तेवढ्याच विभागाची फेरपरीक्षा देता येते. मात्र ती तुमच्या विद्यापीठाला चालते का, हे आधी ईमेलवर विचारा, सगळीकडे चालत नाही. गुणांवरच शंका असेल तर परीक्षेपासून सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते, आणि बँड वाढला तर तिचं शुल्क परत मिळतं. बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर सूट देणारीही विद्यापीठं आहेत. पण कोणतं बोर्ड आणि किती टक्के, हे त्यांच्या प्रवेश विभागाकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. चॅट पुसू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, फोन नंबर, लिंक, सगळं जपून ठेवा. पुढची रक्कम कोणत्याही धमकीला भिऊन देऊ नका, एकदा दिली की मागणी वाढतच जाते. कागद कुठे जोडलेला नसेल तर जोडू नका. जोडून बसला असाल तर आधी वकिलाला गाठा, आणि विद्यापीठाने विचारण्याची वाट न बघता अर्ज मागे घेण्याबद्दल त्याच्याशी बोला.

परीक्षेची नोंदणी स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर करा. एजंटने आपल्या ईमेलवर खातं उघडलं तर निकाल त्याच्या ताब्यात राहतो आणि ‘बाकी द्या, मग निकाल’ सुरू होतं. आयईएलटीएसचे अकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार असतात, विद्यापीठासाठी अकॅडेमिक लागते. घाईत जनरल ट्रेनिंग भरून मोकळे होणारे एजंट कमी नाहीत, तेव्हा नोंदणीच्या पावतीवर परीक्षेचा प्रकार आणि पासपोर्ट क्रमांक दोन्ही त्याच दिवशी तपासून घ्या.