मुख्य पॅराशूट बिघडलं तर? टँडम स्कायडायव्हिंग, टँडम पॅराग्लायडिंग की स्वतः शिकून उडी

उज्जैनजवळच्या दताना हवाईपट्टीवर मध्य प्रदेश पर्यटन मंडळाचा स्कायडायव्हिंग महोत्सव गेले काही हिवाळे भरतो आहे. इंदूरहून तासा-दीड तासाचा रस्ता, त्यामुळे ‘जाऊन यावं का?’ हा विषय आता रामबाग, सुदामानगरच्या घरांत जेवताना निघतो. मुलं विचारतात उंची किती आणि व्हिडिओ मिळतो का. आई विचारते, ‘अरे, पण उघडलंच नाही तर?’ मला वाटतं, निर्णय घ्यायला आईचाच प्रश्न कामाचा आहे. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर पुढे काय होतं, त्याला किती वेळ मिळतो आणि तो निर्णय कोणाच्या हातात असतो, एवढ्यावरून तिन्ही पर्याय तोलून बघू.

पहिला, टँडम स्कायडायव्हिंग: विमानातून इन्स्ट्रक्टरला बांधून घेतलेली उडी. दुसरा, कामशेत, पाचगणी किंवा हिमाचलातल्या बीर-बिलिंगला टँडम पॅराग्लायडिंग. तिसरा, प्रशिक्षण घेऊन स्वतःच्या पाठीवर पॅराशूट लावून मारलेली उडी, ज्याला एएफएफ म्हणतात. हैदराबादच्या विंड टनेलमध्येही तरंगता येतं, पण तिथे पॅराशूटच नसतं. ज्याला फक्त तरंगण्याची मजा हवी आहे त्याने सरळ तिथे जावं.

टँडममध्ये दोघांचं मिळून एकच मुख्य पॅराशूट आणि एकच रिझर्व म्हणजे राखीव पॅराशूट, दोन्ही इन्स्ट्रक्टरच्या पाठीवरच्या एकाच डब्यात. तुमच्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांच्या साजाला, काही नसतं; तो खांद्यांपाशी दोन आणि कमरेपाशी दोन अशा चार हुकांनी इन्स्ट्रक्टरला जोडलेला असतो. विमान सोडल्यावर लगेच ड्रोग नावाचं छोटं पॅराशूट फेकतात. ते फेकलं नाही तर दोघांच्या वजनाने वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. ड्रोगमुळे तो दोनशेच्या आसपास राहतो. दतान्याला उडी साधारण १०,००० फुटांवरून असते, म्हणजे फ्री फॉल (मुख्य पॅराशूट उघडेपर्यंतचं पडणं) पंचवीस-तीस सेकंदांचा. पाच-साडेपाच हजार फुटांवर इन्स्ट्रक्टर ड्रोग सोडतो आणि तोच ड्रोग मुख्य कापड बाहेर ओढतो.

बिघाड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे न उघडलेलं पॅराशूट येतं. प्रत्यक्षात कापड उघडतं, पण नीट उघडत नाही, हेच जास्त होतं. दोऱ्यांना पीळ पडतो. तो बहुतेक वेळा पाय झाडून सुटतो आणि इन्स्ट्रक्टर तुम्हालाही पाय मारायला सांगतो. दोऱ्यांत गाठ बसते, एका बाजूचा ब्रेक आधीच सुटतो आणि छत्र गरगरायला लागतं, एखादी दोरी कापडावरून आडवी जाते किंवा कापड फाटतं. यातलं सुधारण्यासारखं काय आणि सोडून द्यायचं काय, हे काही सेकंदांत ठरवायचं असतं. याउलट ड्रोग सोडूनही मुख्य कापड डब्यातच अडकलं तर वेग कमीच होत नाही. हिशोब सोपा आहे: ५,००० फुटांवरून १,९०० फुटांपर्यंत ताशी दोनशेच्या वेगाने जायला सतराएक सेकंद लागतात. इन्स्ट्रक्टरकडे सगळा वेळ तेवढाच.

१,९०० हा आकडा मुद्दाम घेतला. रिझर्वच्या डब्यात सिप्रेससारखं एक स्वयंचलित यंत्र असतं. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं आणि टँडमच्या सेटिंगमध्ये १,९०० फुटांवरही पडण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तर रिझर्वचा बंद कापून टाकतं. इन्स्ट्रक्टर बेशुद्ध पडला तरी रिझर्व निघतं ते यामुळेच. पण त्याची मर्यादाही माहीत हवी. अर्धवट उघडलेलं, गरगरणारं छत्र वेग ३५ च्या खाली ठेवू शकतं आणि मग यंत्र गप्प राहतं. शिवाय ते बिघडलेलं मुख्य कापड सोडवत नाही. ‘ऑटोमॅटिक आहे हो, काळजी नको’ असं काउंटरवर कोणी म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. अशा वेळी वाचवतो तो इन्स्ट्रक्टरचा निर्णय.

मुख्य कापड सोडून देण्याची कळ जवळून बघण्यासारखी आहे. हार्नेसच्या दोन्ही खांद्यांवर धातूच्या तीन कड्या एकमेकींत ओवलेल्या दिसतील: मोठी, मधली, लहान. सगळ्यात लहान कडीवरून कापडी फासा जातो आणि त्या फाशात पिवळी, प्लॅस्टिकचं आवरण असलेली केबल असते. प्रत्येक कडीगणिक ताण कमी होत जातो, त्यामुळे वर छत्राला दोन माणसांचं वजन असलं तरी केबलवर अगदी थोडाच भार येतो. हँडल ओढलं की केबल फाशातून निघते, कड्या एकीतून एक उलटतात आणि छत्र वेगळं होतं. बिल बूथ या अमेरिकी माणसाने १९७० च्या दशकात ही रचना शोधली आणि पुढे टँडमची साधनं घडवण्यातही त्याचा मोठा हात होता. त्याच्याच स्कायहुक या रचनेत सुटून जाणारं बिघडलेलं छत्र जाता जाता रिझर्वला बाहेर खेचतं, म्हणजे सोडणं आणि उघडणं यांतला वेळ वाचतो.

रिझर्व हे टँडममध्येही मोठं, चौकोनी, दोन्ही हातांनी वळवता येणारं पॅराशूट असतं आणि उतरण्याची रीत तीच, पाय वर उचलून. फरक दोन. उघडताना झटका जोराचा बसू शकतो. आणि उंची गेलेली असल्यामुळे ठरलेल्या जागेऐवजी एखाद्या शेतात उतरावं लागू शकतं. घरची माणसं खाली उभी असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा: आकाशात एक रिकामं छत्र भरकटत खाली येताना दिसलं, तर ते सोडून दिलेलं मुख्य कापड असतं. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या छत्राखाली असता.

आकड्यांकडे बघू. साधारण हजार उड्यांमागे एकदा मुख्य छत्र दगा देतं, असं स्कायडायव्हिंगवाले धरून चालतात. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनच्या आकडेवारीत टँडम प्रवाशांचे मृत्यू मात्र ५ लाख उड्यांमागे १ च्या आसपास आहेत. या दोन आकड्यांमधलं अंतर मुख्यतः रिझर्वने आणि ते ओढणाऱ्या हाताने राखलेलं आहे. अर्थात हे तिथले आकडे आणि तिथल्या नियमांखालचे. टँडम इन्स्ट्रक्टरच्या किमान ५०० उड्या आणि खेळातली ३ वर्षं, रिझर्वची परवानाधारक रिगरकडून (पॅराशूट तपासून घडी घालणाऱ्या कारागिराकडून) दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा घडी. आपल्याकडे राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण २०२२ मध्ये आलं, पण तुमच्या उडीच्या दिवशी हे कोण किती पाळतं ते तुम्हालाच विचारावं लागेल.

आता पॅराग्लायडिंग. लोक याला ‘हलकं’ समजतात आणि एका बाबतीत ते बरोबर आहे: ज्याखाली तरंगायचं तो कापडी पंख जमिनीवरच उघडून, डोक्यावर नीट आला की नाही बघून मगच पाय सुटतात. उघडण्याचा जो क्षण स्कायडायव्हिंगमध्ये भीतीचा, तो इथे नाहीच. बिघाड येतो तो हवेतून. गरम हवेच्या झोतात पंखाची एक बाजू मिटते. चांगला पायलट ती सावरतो. सावरली नाही तर रिझर्व हाताने फेकावं लागतं. इथे साधारणपणे मुख्य पंख सोडायची सोय नसते, त्यामुळे दोन कापडं एकमेकांत गुंतू नयेत म्हणून पायलटला पंख ओढून निकामी करावा लागतो. युरोपच्या मानकाप्रमाणे रिझर्वखाली उतरण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरपर्यंत असू शकतो, म्हणजे पाच फुटी ओट्यावरून उडी मारल्यासारखा दणका. साधं गोल रिझर्व असेल तर दिशाही देता येत नाही.

खरी अडचण उंचीची आहे. कामशेतसारख्या ठिकाणी डोंगर आणि उतरण्याची जागा यांत काही शे फुटांचाच फरक असतो. तिथे पंख मिटला तर रिझर्वला भरायला जागाच उरत नाही. आणि हिमाचलात प्रवासी पट्ट्यांतून निसटून पडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्यात कापडाचा काही दोष नव्हता. म्हणून ‘स्कायडायव्हिंगची भीती वाटते, पॅराग्लायडिंग करून घेऊ’ हे कारण मला पटत नाही. दृश्य बघत वीस मिनिटं तरंगायचं असेल, तर मात्र ते जरूर करावं.

एएफएफबद्दल थोडक्यात. पहिल्या उड्यांना दोन इन्स्ट्रक्टर बाजूला धरून असतात, पण छत्र तुमचं, निर्णय तुमचा. अमेरिकी नियमांनुसार विद्यार्थ्याने २,५०० फुटांच्या आत ठरवायचं: उजवं हँडल ओढून मुख्य छत्र सोडायचं, मग डावं ओढून रिझर्व. क्रम उलटला तर रिझर्व बिघडलेल्या कापडात अडकू शकतं. हा क्रम जमिनीवर इतका घोटून घेतात की हात आपोआप जातात. ज्याला हा खेळ पुढे खेळायचा आहे त्यानेच या वाटेला जावं. एका उडीसाठी एवढा व्याप करण्यात अर्थ नाही, आणि टँडम करून आधी अंदाज घेता येतोच.

तेव्हा इंदूरच्या, पहिल्यांदाच करणाऱ्या माणसाला मी टँडम स्कायडायव्हिंगच सुचवेन. तीन पर्यायांत बिघाडानंतरची उंची आणि साखळी इथे सगळ्यात चांगली जुळते: अनुभवी हात, सोडण्याची कळ, यंत्र आणि वळवता येणारं रिझर्व. फक्त पैसे भरण्याआधी विचारा, ‘रिझर्वचं पॅकिंग कार्ड दाखवता का?’ ते कार्ड रिझर्वबरोबरच ठेवलेलं असतं. शेवटची तारीख आणि रिगरची सही त्यावर असते. बंदाच्या पिनेवर लाल दोऱ्याचं शिशाचं सील असतं. इन्स्ट्रक्टरला विचारा, ‘तुम्ही शेवटचं रिझर्व कधी ओढलंत?’ नीट काम करणारा माणूस हे अगदी सहज सांगतो. ‘असं काही होत नाही’ असं उत्तर मिळालं तर तिथे उडी मारू नका.

तुमच्या वाट्याला थोडंच येतं, पण ते महत्त्वाचं आहे. हार्नेसचे मांड्यांचे आणि कमरेचे पट्टे घट्ट हवेत. विमानात दार उघडण्याआधी ते पुन्हा ओढून घेतात, घेतले नाहीत तर म्हणा. दारातून निघताना हात हार्नेसवर, डोकं मागे, पाय मागे वळलेले. घाबरून इन्स्ट्रक्टरचा हात धरलात तर ड्रोग फेकायला उशीर होतो आणि दोघं आडवे गरगरू शकता. उतरताना पाय उचला; टँडममधल्या दुखापती कापडापेक्षा तिथेच जास्त होतात. वजन ९० किलोच्या आसपास असेल किंवा पाय उचलून धरता येत नसतील, तर बुकिंगच्या आधीच फोनवर स्पष्ट सांगा.