पीकेटीजेन: लिनक्स राउटर मोजायला फुकटचं साधन पुरतं का?

लिनक्सवर बांधलेला राउटर किती ओढतो हे बघायला बहुतेक जण आधी आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन लावतात. मोठी टीसीपी पॅकेटं जातात, '९४० मेगाबिट' असा निकाल येतो आणि सगळे खूश. पण राउटरला मेहनत पडते ती पॅकेटमागे, बाइटमागे नाही. १ गिगाबिटच्या लाइनवर १५१८ बाइटांच्या फ्रेम (तारेवरून जाणारी पॅकेटं) सेकंदाला ८१ हजारांच्या आसपास बसतात, ६४ बाइटांच्या बसतात १४ लाख ८८ हजार. (प्रत्येक फ्रेममागे ८ बाइट प्रीॲम्बलचे, म्हणजे सुरुवातीच्या खुणेचे, आणि १२ बाइट दोन फ्रेममधल्या मोकळ्या अंतराचे जातात, म्हणून ६४ च्या जागी ८४ धरायचे.) राउटरचा कस लागतो तो या दुसऱ्या आकड्यापाशी, आणि तिथवर न्यायला पीकेटीजेन हे लिनक्सच्या गाभ्यातलंच (कर्नलमधलं) पॅकेटं तयार करून पाठवणारं साधन फार चांगलं आहे. फक्त ते भार टाकतं, मोजमाप बरंचसं तुमच्यावर सोडतं.

डेबियनच्या कर्नलबरोबर मॉड्यूल येतंच, 'मॉडप्रोब पीकेटीजेन' केलं की झालं. सेटिंग 'प्रोक' या कर्नलच्या फोल्डरातल्या फायलींत लिहून करायचं असतं. ते हाताने करण्यात अर्थ नाही. कर्नलच्या सोर्समध्ये 'सॅम्पल्स' फोल्डरात तयार स्क्रिप्टा आहेत, त्या उचला. एकाच फ्लोसाठी (त्याच पत्त्यांमधल्या पॅकेटांच्या एका ओघासाठी) ०३ नंबरची, प्रत्येक थ्रेडला वेगळा फ्लो हवा असेल तर ०५. ०१ नंबरच्या स्क्रिप्टवर थांबू नका: तिथे पॅकेटांची संख्या मुळात १ लाख आहे, म्हणजे गिगाबिटवर चाचणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपते. संख्या ० द्या, किमान ६० सेकंद चालू द्या, मग कंट्रोल-सी.

वेग जबरदस्त आहे. 'बर्स्ट ३२' (एका झटक्यात ३२ पॅकेटं) ठेवलं तर चांगल्या कार्डावर एक कोरसुद्धा १० गिगाबिटची लाइन भरू शकतो, म्हणजे सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं. पण निकालाच्या ओळीत '७१४२ मेगाबिट' दिसतं आणि नवखा माणूस लाइन भरलीच नाही असं समजून तास घालवतो. लाइन भरलेली असते. पीकेटीजेन आकार ६० धरतं, शेवटचे ४ सीआरसीचे (चूक तपासायचे) बाइट कार्ड जोडतं, आणि प्रीॲम्बल वगैरे हिशेबातच नसतं. मेगाबिटचा रकाना सोडून द्या, पॅकेट प्रति सेकंद एवढंच बघा.

मांडणी तीन मशीनची: पाठवणारं, मधला राउटर, घेणारं. खरा वेळ राउटरवर जातो. 'आयपी फॉरवर्ड' (एका पोर्टवरचं पॅकेट दुसऱ्यातून पुढे धाडायची सोय) चालू करा. पलीकडच्या मशीनची एआरपी नोंद (आयपी पत्त्याला मॅक, म्हणजे कार्डाचा पत्ता कोणता, याची) कायमची घाला, नाहीतर ती शिळी झाली की मधेच खड्डा पडतो. ०५ ची स्क्रिप्ट स्रोत पत्ते १९८.१८ मधले वापरते. राउटरवर त्या पत्त्यांकडे परतीचा रूट नसेल आणि 'आरपी फिल्टर' (स्रोत पत्त्याकडे परतीची वाट आहे का हे तपासणारी सेटिंग) १ असेल तर सगळी पॅकेटं गुपचूप टाकली जातात, फॉरवर्डिंग शून्य. म्हणून १९८.१८.०.०/१६ पाठवणाऱ्याच्या बाजूला आणि १९८.१९.०.०/१६ घेणाऱ्याच्या बाजूला रूट करा, आणि स्क्रिप्टला गंतव्य पत्ता १९८.१९ मधला द्या. स्क्रिप्टच्या '-एम' या पर्यायाला राउटरच्या आतल्या (पाठवणाऱ्याकडच्या) पोर्टचा मॅक पत्ता लागतो. तो चुकला तर पॅकेट कार्डावरच अडतं आणि कर्नलला काहीच दिसत नाही.

पॉज फ्रेमकडे ('थांब' सांगणाऱ्या फ्रेमकडे) मात्र विशेष लक्ष हवं. राउटर थकला की त्याचं कार्ड पाठवणाऱ्याला थांबायला सांगतं, पाठवणारा मुकाट वेग कमी करतो, आणि निकाल येतो 'एकही पॅकेट हरवलं नाही'. असा निकाल काहीच कामाचा नाही. दोन्ही टोकांना 'इथटूल -ए'ने पॉज फ्रेमचं आरएक्स-टीएक्स (घेणं-पाठवणं) बंद करूनच सुरुवात करा.

एका फ्लोचा आकडा आणि अनेक फ्लोंचा आकडा कधीही एकत्र सांगू नका. एक फ्लो कार्डाच्या एकाच क्यूत (पॅकेटांच्या रांगेत), म्हणून एकाच कोरवर जातो. कोरनिहाय वापर दाखवणाऱ्या 'एमपीस्टॅट'मध्ये एक कोर सॉफ्टआयआरक्यूत (कर्नलच्या पॅकेट हाताळायच्या कामात) १०० टक्के आणि बाकीचे रिकामे दिसले, तर तुम्ही अख्खं मशीन नाही, एक कोर मोजताय. याउलट स्रोत पोर्ट रँडम ठेवून कॉनट्रॅक (प्रत्येक कनेक्शनची टेबलात नोंद ठेवणारी सोय) चालू असलेल्या राउटरवर मारा केला तर टेबल भरतं आणि पॅकेटं टाकली जातात. मग आकडा फॉरवर्डिंगचा उरत नाही, टेबलाचा होतो.

आता उणीव. पीकेटीजेन पॅकेटात क्रमांक आणि वेळ लिहू शकतं, पण पलीकडे ते वाचणारं काही सोबत येत नाही. किती पोचली हे राउटरच्या बाहेरच्या कार्डाच्या 'टीएक्स' काउंटरवरून सेकंदाला वजाबाकी करून काढावं लागतं. आतल्या कार्डावर 'आरएक्स मिस्ड' वाढत असेल तर सीपीयू कार्डाची रिंग (आलेली पॅकेटं साठायची जागा) वेळेत रिकामी करत नाहीये. शून्य तोट्याचा कमाल वेग, म्हणजे आरएफसी २५४४ या नेटवर्क उपकरणं मोजायच्या दस्तऐवजातला थ्रूपुट, हवा असेल तर 'रेटपी' (सेकंदाला किती पॅकेटं) या सेटिंगने वेग बदलत अर्ध्या-अर्ध्याने शोधणारी स्क्रिप्ट स्वतः लिहावी लागते. लेटन्सी (पॅकेटाला लागणारा विलंब) तर विसराच.

लेटन्सी हवी असेल, ग्राहकाला अहवाल द्यायचा असेल, तर सिस्कोकडून आलेला मुक्त टीरेक्स घ्या. तो पाठवतो, परत घेतो, तोटा आणि विलंब दोन्ही सांगतो. मात्र तो डीपीडीकेवर (कर्नलला वगळून कार्ड थेट चालवणाऱ्या लायब्ररीवर) चालतो, त्यामुळे कार्ड यादीतलं लागतं आणि इंटेलची कार्डं चाचणीपुरती कर्नलच्या हातून काढून घ्यावी लागतात. कर्नल बदलल्यावर, फायरवॉलचे नियम वाढवल्यावर किंवा क्यूंची संख्या बदलल्यावर आधी-नंतरचा फरक बघायचा असेल, तर पीकेटीजेन पुरेसं आहे. पाच-पाच फेऱ्या घ्या, मधली किंमत धरा, आणि दोन्ही वेळा सीपीयूचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर ठेवा.