सारखं पोट बिघडतंय: तपासणी आधी, की पदार्थ बंद करून बघायचा?

दीड-दोन वर्षांच्या मुलाची शी दोन-तीन आठवडे पातळच राहिली की घरात दोन तट पडतात. एकाला लॅबवाल्याला घरी बोलावून सगळ्या तपासण्या उरकायच्या असतात, दुसऱ्याला आजपासून दूध बंद करायचं असतं. यातलं काय निवडायचं हे एका प्रश्नावर ठरतं: खाल्ल्यावर किती वेळाने त्रास होतो?

काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, तर तपासणीच योग्य. त्वचेवरची प्रिक टेस्ट (पदार्थाचा थेंब ठेवून हलकं टोचतात) किंवा रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड). पण अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली असं नाही. लक्षणांशी तो जुळतो का, हे डॉक्टरांनी बघावं लागतं. अशा मुलाला तो पदार्थ घरी 'देऊन बघू' असं कधीही करू नका.

त्रास काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होत असेल (शेम पडते, पोट फुगतं, रात्री कळवळून रडतं) तर आयजीई बहुधा निगेटिव्ह येते आणि आईवडिलांना वाटतं, चला, ॲलर्जी नाही. इथे पदार्थ बंद करून बघण्याची पद्धत सरस ठरते. डॉक्टरांना विचारून एकच संशयित पदार्थ निवडायचा, बहुतेक वेळा दूध, आणि दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवायचा. पूर्ण म्हणजे दही, पनीर, दुधाचं बिस्किट, दूध असलेला पावसुद्धा. गाईचं बंद करून तबेल्याचं म्हशीचं किंवा बकरीचं सुरू करण्यात अर्थ नाही, त्यांतली प्रथिनं बरीचशी सारखीच असतात. मुंबईत खरी अडचण पाळणाघराची आणि शेजारच्या मावशींची असते. प्रेमाने हातावर ठेवलेल्या एका बिस्किटाने आठवडाभराचं निरीक्षण वाया जातं, म्हणून सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. वहीत वेळ, पदार्थ आणि शी कशी झाली ते लिहा.

मग पदार्थ परत द्यायचा. ही पायरी बहुतेक घरं गाळतात, कारण मूल बरं दिसत असतं. पण दूध बंद असताना पोट आपसूकही सुधारू शकतं. परत दिल्यावर तोच त्रास झाला तरच कारण सापडलं म्हणायचं, नाहीतर वाढीच्या वयात मुलाचं दूध विनाकारण तुटतं. बंदी लांबली तर कॅल्शियमसाठी नाचणीचं सत्त्व चालतं, तरी आहारतज्ज्ञांशी बोलाच.

शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी (आयजीईहून वेगळं प्रतिपिंड) तपासणी मात्र करू नका. पदार्थ पोटात गेला होता एवढंच ती सांगते, आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना तिची शिफारस करत नाहीत. लांबलचक यादी हातात पडते आणि आई घाबरून वरण, अंडं, गहू सगळंच बंद करते. मुलाचं वजन त्यात घटतं.

गव्हाचा संशय असेल तर क्रम उलटा. सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजार) टीटीजी ही रक्ततपासणी गहू चालू असतानाच करायची, आधी बंद केला तर अहवाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. पुढे सिलिॲक ठरलंच तर पोळीबरोबर बाजारचा खडा किंवा पूड हिंगही तपासा, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

या कशाचीच गरज नसण्याची शक्यताही मोठी आहे. पावसाळ्यातल्या जुलाबानंतर काही आठवडे दुधातली साखर पचत नाही. शी फेसाळ, आंबट वासाची होते, ढुंगण लाल होतं. ही ॲलर्जी नव्हे, तात्पुरतं आहे, आणि अशा मुलाला दही बहुधा सोसतं. मूल खेळतंय, वजन वाढतंय, शीमध्ये गाजराचे तुकडे दिसतात, तर आधी डब्यातला ज्यूस बंद करा.

शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, लघवी कमी, मूल मलूल, वजन उतरतंय, यांपैकी काहीही असलं तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. परळचं वाडिया हे खास मुलांचं रुग्णालय आहे. हिरवी उलटी होत नसेल तर तिथे पोहोचेपर्यंत ओआरएस चमच्या-चमच्याने देत राहा.