तयार हॉस्पिटल बॅग: मोजे सहा जोड, पॅड चार

पहिल्या वेळी ३५व्या आठवड्यात बॅग भरली आणि मग रोज रात्री ती उघडून पुन्हा भरत बसले. या वेळी घरात पावणेतीन वर्षांचं पोर, जे मी आत ठेवलेलं सगळं बाहेर काढतं. म्हणून ऑनलाइन 'आई-बाळ रेडी किट' मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. नंतर चाळून पाहिलं तर बरीचशी किट याच साच्यातली दिसली.

खोक्यावर ठळक अक्षरात '४५ वस्तू'. मी मोजल्या. मोज्यांच्या सहा जोड्या म्हणजे बारा वस्तू. हातमोज्यांच्या तीन म्हणजे सहा. 'आज मी एक महिन्याची' छापाची बारा कार्डं, तीही सुटी मोजलेली. उरल्या पंधरा.

त्यातली झबली मात्र खरंच छान. मऊ सुती, पुढून बांधायची, डोक्यातून घालायची भानगड नाही, शिवणीही बाहेरच्या बाजूला. ज्याने ती निवडली त्याने तान्हं बाळ हातात धरलेलं आहे. डायपरही नाळेपाशी खाच असलेले, पण सहाच. पहिले दोन दिवस बाळ शू कमी करतं म्हणून भागलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिवसाला आठ-दहा लागतात. आणि ती पहिली काळी, डांबरासारखी चिकट शी! किटमधले सुगंधी वाइप्स ती पुसत नाहीत, पसरवतात. शेवटी कापूस आणि कोमट पाणी.

शाम्पू-साबणाचा संच सीलबंदच घरी आला. पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवा, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. हातमोजे सिस्टरनी आल्या आल्या काढले. बाळ मूठ तोंडाकडे नेतं ते भुकेचं लक्षण, मूठच झाकली तर कळणार कसं? आणि एक 'मोफत' दुधाची बाटली होती, तिच्याकडे बघून त्या नुसत्या म्हणाल्या, "ही कपाटात राहू दे." अशा बाटल्यांची जाहिरात करू नये, आयांना फुकट वाटू नयेत, असा आंतरराष्ट्रीय संकेत १९८१पासून आहे. किटवाल्यांपर्यंत तो पोचलेला दिसत नाही. अंगावरचं दूध नीट उतरायच्या आत, रात्री रडणाऱ्या बाळाशेजारी बाटली तयार असणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

आता आईचा भाग. पांढऱ्याशुभ्र सॅटिनचा गाऊन. पांढरा! तो मी घातलाच नाही. आणि पॅड चार, तेही रोजच्या पाळीचे, पातळ, वासाचे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव चार ते सहा आठवडे चालू शकतो आणि पहिले काही दिवस पाळीपेक्षा कितीतरी जास्त असतो. माझं पहिलं नॉर्मल, हे सिझेरियन. सिझेरियनमध्ये पॅड लागत नाहीत असं मलाही आधी वाटायचं. बाळ कुठूनही बाहेर येवो, वार सुटलेली जागा आतच असते, तिथून रक्त जाणारच. मोठे, जाड, बिनवासाचे मॅटर्निटी पॅड दोन पाकिटं तरी हवीत. डिस्पोजेबल निकर होत्या, पण त्यांचं इलॅस्टिक बरोब्बर टाक्यांवर. कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या, एक माप मोठ्या निकर आणायला हव्या होत्या.

पण खरी तक्रार बॅगेची आहे. बॅग मजबूत, चेन उत्तम. आत एकसारख्या पाच करड्या पिशव्या आणि त्यांवर वळणदार अक्षरात 'पहिली मिठी', 'पहिलं हसू', 'आईचे लाड' वगैरे. रात्री तीन वाजता मी उताणी, टाक्यांमुळे कूसही बदलता येत नव्हती. "पॅड दे रे," नवऱ्याला म्हटलं. "कुठल्या पिशवीत?" "लाडांच्या." त्याने दिव्याकडे पाठ करून एक उघडली. मोजे. दुसरी उघडली. मोजे. तिसरीतून महिन्यांची कार्डं खाली सांडली आणि ती गोळा करत तो पलंगाखालून विचारतोय, "लाड म्हणजे मिठी की हसू?" मला हसू आलं आणि हसल्यावर टाक्यांत जी कळ आली, ती या किटच्या नावावर मांडली आहे.

सकाळी त्याने सिस्टरांकडून चिकटपट्टी आणि पेन मागून आणलं आणि प्रत्येक पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'रक्त', 'शी', 'कपडे', 'दूध', 'कागद'. त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही. 'कागद'साठी एक पिशवी आम्हीच रिकामी केली, सोनोग्राफीचे आणि रक्तगटाचे रिपोर्ट ठेवायला किटमध्ये जागाच नव्हती. लांब वायरचा चार्जर, न घसरणाऱ्या चपला, ओठांना लावायला काहीतरी, सोबत राहणाऱ्याचे दोन जोड कपडे, हेही आमचंच.

पाचपैकी दोन तारे. एक झबल्यांना, एक चेनला. झबली सुटी मिळत असतील तर तेवढीच घ्या. बॅग घरातली कुठलीही चालेल, फक्त ती भरताना जो रात्री उघडणार आहे त्याला शेजारी बसवा.

ही बॅग सध्या बहिणीकडे आहे, तिचा ३४वा आठवडा चालू आहे. चिकटपट्ट्या तिने काढलेल्या नाहीत. मोजे मी ठेवून घेतले, थोरलीच्या बाहुलीला बरोबर बसतात.