मुरुमांसाठी प्रकाशोपचार, आहार की जीवनसत्त्वे? खान्देशातल्या उन्हात राहून केलेली तुलना

त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले बेंझॉइल पेरॉक्साइडचे किंवा ॲडापालीनचे मलम चालू आहे, मुरुमे बरीच कमी झाली आहेत, पण पुरती जात नाहीत, आणि आता पुढचे पैसे व कष्ट कशावर घालावेत हे ठरत नाही, अशा वाचकासाठी हे लिहितो आहे. मलम बंद करून यांपैकी काही निवडावे असा माझा सल्ला नाही; प्रश्न आहे तो मलमाच्या जोडीला काय घ्यावे एवढाच. भुसावळात राहून मी हे तिन्ही मार्ग काही वर्षांच्या अंतराने अनुभवले आहेत.

प्रकाशोपचारामागचे तत्त्व मला आजही पटते. मुरुमांशी संबंधित असलेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू पॉर्फिरिन नावाची द्रव्ये तयार करतो. सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ती शोषून घेतात, त्यातून ऑक्सिजनचे तीव्र क्रियाशील रूप निर्माण होते आणि जिवाणूचा नाश होतो. ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश अधिक खोल जातो व दाह कमी करतो, म्हणून अनेक ठिकाणी दोन्ही एकत्र देतात. माझ्या गालांवरची लाल, दुखरी मुरुमे या उपचाराने लवकर बसली, हे मान्य केलेच पाहिजे. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांवर मात्र काहीही परिणाम दिसला नाही. प्रकाशोपचारावरील संशोधनाचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१६ साली जो आढावा घेतला, त्यातही पुरावा कमकुवत असल्याचाच निष्कर्ष होता. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर निळा-जांभळा प्रकाश रंगद्रव्य वाढवू शकतो, आणि आपल्याकडे बहुतेकांना मुरुमापेक्षा त्याने मागे ठेवलेला डागच अधिक सलतो.

तरीही माझा निर्णय या कारणांनी झाला नाही. तो झाला उन्हाने. मला मिळालेली वेळ भर दुपारची होती, उपचार आठवड्यातून दोनदा जळगावला जाऊन घ्यायचा होता, आणि दिवस चैत्र-वैशाखाचे होते. पारा ४४-४५ अंशांवर असताना तोंडाला रुमाल घट्ट बांधल्याशिवाय दुचाकीवरून महामार्गाने परत येणे शक्य नसते. घामाने भिजलेला तो रुमाल जबड्यावर आणि हनुवटीवर सतत घासत राही, आणि गालांवरची मुरुमे मिटत असतानाच नेमक्या त्या घर्षणाच्या रेषेवर नवी उठत. त्वचेवरचा दाब, घर्षण आणि कोंडलेला घाम यांनी मुरुमे वाढतात, ही वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेली गोष्ट आहे. पण ज्या प्रवासाने ती वाढतात तोच प्रवास त्यांच्या उपचारासाठी करावा लागणे मला फार त्रासदायक वाटले. उपचाराच्या बैठका थांबल्यानंतर गालांवरही हळूहळू पहिल्यासारखी मुरुमे परत आली. घरी वापरायचा, असाच प्रकाश देणारा मास्क हा पर्याय आहे, परंतु उन्हाळ्यात वीज गेलेली असताना चेहऱ्यावर प्लास्टिकचे आवरण बसवणे मला तरी जमले नाही. आणि अमेरिकेत २०१९ साली एका कंपनीचे असे मास्क डोळ्यांच्या सुरक्षिततेच्या कारणावरून परत मागवले गेले होते, हेही लक्षात ठेवावे. ज्यांचे घर क्लिनिकपासून चालत जाण्याइतके जवळ आहे, त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

आहाराबद्दल आपल्या घरांतून सर्वांत आधी ऐकू येते ते म्हणजे 'तिखट-तेलकट बंद कर'. मला वाटते, इथेच बोट चुकीच्या ताटाकडे जाते. पुरावा प्रामुख्याने रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांकडे आणि काही प्रमाणात दुधाकडे निर्देश करतो. साखर वाढली की इन्शुलिन आणि त्यासोबत आयजीएफ-१ हे वाढीचे संप्रेरक वाढते, तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात व रंध्रे बुजतात. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांपैकी कमी ग्लायसेमिक भाराचा, म्हणजे रक्तातली साखर कमी वाढवणारा, आहार घेणाऱ्यांची मुरुमे १२ आठवड्यांत अधिक घटली. अर्थात त्यांचे वजनही उतरले होते, त्यामुळे श्रेय नेमके कोणाचे हे सांगणे अवघड आहे. याचा खान्देशी स्वयंपाकघरातला अर्थ बराच सुखद आहे. वांग्याचे भरीत, ठेचा आणि ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी यांना हात लावण्याची गरज नाही. भाकरीत उडीद असल्याने उलट तीच पोळी-भातापेक्षा बरी. मी काढले ते दिवसभरातले गोड चहा, त्यांच्यासोबतचे टोस्ट आणि बिस्किटे, बाटलीतली शीतपेये आणि रात्रीचा पांढऱ्या भाताचा ढीग. केळी सोडली नाहीत. केळीच्या बागांच्या रावेर-यावलच्या माणसाला ती सोडायला सांगणे योग्यही नाही, कारण फार न पिकलेल्या केळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे साखर वाढवण्याचा वेग, मध्यमच असतो. दूध आणि साखर घालून केलेले त्याचे शेक मात्र थांबवले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुरुमे उठली की दोष आंब्याच्या उष्णतेला दिला जातो. माझ्या मते त्या दिवशीच्या ताटात साखर घातलेला रस आणि खापरावरची पुरणपोळी एकत्र येतात, याचा वाटा मोठा असावा. मी सण पाळतो, पोळीही खातो; फक्त रसात साखर घालत नाही.

जीवनसत्त्वांचे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात मला सर्वांत कमी हाती लागले. मुरुमे असलेल्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता अधिक आढळल्याचे काही अभ्यास आहेत, पण ती भरून काढल्याने चेहरा साफ होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. माझी पातळी कमी निघाली, मी गोळ्या घेतल्या, अंगदुखी कमी झाली. चेहऱ्यावर फरक जाणवला नाही. जस्ताचा थोडा उपयोग होतो, पण प्रतिजैविकांपेक्षा कमी, आणि रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते. बी-१२ बाबत मात्र सावध राहावे. शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास असते आणि काहींना इंजेक्शने घ्यावी लागतात, पण त्यांच्यामुळे काहींना कपाळावर व छातीवर एकसारख्या पुळ्या उठतात; हे जीवनसत्त्व त्वचेवरच्या त्या जिवाणूला अधिक पॉर्फिरिन तयार करायला लावते, असे २०१५ च्या एका संशोधनात दिसले. कमतरता सिद्ध झाली असेल तर उपचार टाळू नये, मात्र 'त्वचेसाठी चांगले' म्हणून मल्टिव्हिटॅमिन सुरू करण्याआधी विचार करावा. अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस तर स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत, विशेषतः गर्भधारणेची शक्यता असताना.

गर्भवतींना मुरुमांची बरीच औषधे चालत नाहीत, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालचा प्रकाशोपचार हा त्यांच्यासाठी विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशसंवेदनशीलता वाढवणारी औषधे चालू असतील, तर तो सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे. खोल, गाठीसारखी मुरुमे असतील तर या तिन्हींत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण अशा मुरुमांनी पडलेले खड्डे नंतर आपोआप भरून येत नाहीत. बाकीच्यांनी, व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी तर आवर्जून, आधी दुधापासून बनणारी व्हे प्रोटीनची पावडर आणि गोड चहा बाजूला ठेवून पाहावा, असे मला वाटते. त्यासाठी किमान तीन महिने द्यावेत आणि शक्य असल्यास सुरुवात पावसाळ्यात करावी, म्हणजे उन्हाचा व घामाचा परिणाम मध्ये येणार नाही आणि फरक आहाराने पडला की नाही हे स्वच्छ कळेल.